लेन्सच्या आधी खिडकी पाहा : जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर कसा पारखायचा

जुना रेंजफाइंडर कॅमेरा हातात आला की नवीन माणूस सगळ्यात आधी लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च मारतो. बुरशी आहे का, ओरखडे आहेत का, ॲपर्चरच्या, म्हणजे उजेड आत सोडणाऱ्या भोकाच्या, पात्यांवर तेल उतरलंय का. हे पाहायलाच हवं. पण या कॅमेऱ्यात लेन्समधून फक्त फिल्म पाहते. तुम्ही पाहता ते वरच्या कोपऱ्यातल्या वेगळ्याच खिडकीतून, आणि ती खिडकी तुमच्या डोळ्याशी जमली नाही तर कितीही चांगली लेन्स कपाटातच राहते. माझ्याकडे असा एक कॅमेरा चार वर्षं पडून होता. लेन्स लख्ख होती, शटर बरोबर चालत होतं, पण चष्मा लावला की चौकटीच्या, म्हणजे फोटोत किती येणार ते दाखवणाऱ्या रेघांच्या, दोन बाजू मला दिसतच नव्हत्या. प्रत्येक फोटोला डोळा इकडून तिकडे फिरवावा लागायचा. शेवटी चष्मा नसलेल्या एका ओळखीच्या मुलाला तो देऊन टाकला. त्याच्या हातात तो आजही चालतो.

म्हणून हा लेख फक्त व्ह्यूफाइंडरबद्दल. काकाजींच्या घरी माळ्यावर निघालेला याशिका, कुणीतरी विकायला काढलेला कॅनन, ऑनलाइन दिसलेला झोर्की, अशा दोन-तीन कॅमेऱ्यांतून एक ठेवायचा असेल तर कोणत्या क्रमाने काय पाहायचं ते सांगते. लागणाऱ्या वस्तू घरातच असतात: मोजायची टेप, वही, पेन्सिल आणि गच्ची.

आधी खात्री करा की हा रेंजफाइंडरच आहे

कॅमेरा समोरून धरा. एक मोठी खिडकी दिसेल, ती पाहायची. तिच्यापासून थोड्या अंतरावर एक लहानशी खिडकी, ती अंतर मोजायची. बऱ्याच कॅमेऱ्यांत दोन्हींच्या मध्ये दुधी काचेची तिसरी पट्टी असते, ती आतल्या चौकटीवर उजेड पाडायची. आता मागून डोळा लावा आणि लेन्सवरची फोकसची रिंग फिरवा. मधोमध फिकट, बहुतेकदा पिवळसर ठिपका दिसेल आणि त्याच्यात समोरच्या वस्तूची दुसरी प्रतिमा डावी-उजवीकडे सरकेल. दोन प्रतिमा एकावर एक बसल्या की फोकस झाला.

हे सरकणं दिसलं नाही तर एकतर कॅमेरा बिघडलाय किंवा तो रेंजफाइंडर नाहीच. आपल्याकडे घराघरांत होता तो आगफा क्लिक थ्री किंवा पुष्कळांना आवडणारा ऑलिम्पस ट्रिप ३५, यांत असा ठिपका नसतो. ट्रिपमध्ये अंतर अंदाजाने ठरवायचं, क्लिकमध्ये तर तेवढंही काम नाही. कॅमेरे चांगले आहेत, पण हा लेख त्यांच्या कामाचा नाही.

आत काय चालतं ते समजून घ्यायला सुईत दोरा ओवून पाहा. दोन्ही डोळे उघडे असताना सहज जमतं. एक मिटला की दोरा सुईच्या पुढे आहे की मागे तेच कळत नाही. दोन डोळ्यांमध्ये साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतर असतं, दोघांना वस्तू जराशा वेगळ्या कोनातून दिसते, आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ओळखतो. रेंजफाइंडरच्या दोन खिडक्या म्हणजे असे दोन डोळे. लहान खिडकीतून आलेली प्रतिमा एका आरशावरून किंवा प्रिझममधून मोठ्या खिडकीतल्या अर्धपारदर्शक काचेवर येते. लेन्स फिरवली की आतली दांडी हलते आणि तो कोन बदलतो. सगळी यंत्रणा एवढीच. लायकामध्ये ती लेन्सला जोडून १९३२ साली आली. पण तेव्हा फोकस एका खिडकीत आणि चौकट शेजारच्या दुसऱ्या खिडकीत पाहावी लागे. दोन्ही एकाच खिडकीत आणणारा कॉन्टॅक्स टू १९३६चा, आणि लायकाने हे केलं ते १९५४च्या एम थ्रीमध्ये.

यावरून एक कामाची गोष्ट निघते. झोर्की वन किंवा जुनी लायका थ्री घ्यायचा विचार असेल तर मागे दोन वेगळी भोकं असतील हे धरून चाला. आधी एकात फोकस, मग दुसऱ्यात चौकट. थांबलेल्या माणसाचा फोटो काढायला हे चालतं. पोरं खेळत असतील तर दमछाक होते. पहिला कॅमेरा म्हणून मी हे सुचवत नाही.

पहिली पायरी: तुमचा डोळा आणि तुमचा चष्मा

रोज चष्मा लावत असाल तर चष्मा लावूनच पाहा. दुकानात किंवा कुणाच्या घरी लाजेने चष्मा काढून पाहिलं की हमखास फसगत होते. चौकटीचे चारही कोपरे डोळा न हलवता एकदम दिसतात का, एवढंच बघायचं. नाही दिसले तर किती दिसत नाहीत ते वहीत लिहा.

जुन्या कॅमेऱ्यांत मागच्या भिंगाभोवती बऱ्याचदा धातूची कडी असते आणि ती चष्म्याच्या काचेवर बारीक गोल ओरखडे पाडते. बाजारात मिळणारी पातळ रबरी रिंग चिकटवली की काम होतं. पण रिंग जाड घेतली तर डोळा आणखी मागे जातो आणि चौकट आणखी कमी दिसते, हेही लक्षात ठेवा.

चष्मा काढून वापरायचा असेल तर नंबर जुळवायची सोय आहे का पाहा. झोर्की फोर आणि फेड टू यांत फिल्म उलटी गुंडाळायच्या बटनाखाली एक छोटी दांडी असते. ती फिरवली की दृश्य तुमच्या नंबराला जुळतं. अनेकांना ती दांडी माहीतच नसते आणि ते कॅमेराच धूसर आहे म्हणून परत करतात. लायका एममध्ये नंबराचं वेगळं भिंग मागे स्क्रूने बसवता येतं. याशिका इलेक्ट्रोमध्ये अशी सोय नाही.

दुसरी पायरी: जग किती लहान दिसतं

व्ह्यूफाइंडरमधून समोरचं दृश्य डोळ्याला दिसतं तेवढंच दिसलं तर त्याला एकास एक म्हणतात. बहुतेक कॅमेऱ्यांत ते लहान दिसतं. हा आकडा कुठे शोधायची गरज नाही, घरीच मोजता येतो.

व्हरांड्याच्या ग्रिलसमोर तीन-चार मीटरवर उभे राहा. उजवा डोळा व्ह्यूफाइंडरला लावा आणि डावा उघडाच ठेवा. सुरुवातीला डोळे भांडतात. दहा-पंधरा सेकंद शांत राहिलात की दोन्ही दृश्यं एकमेकांवर तरंगायला लागतात. आता ग्रिलचे गज मोजा. व्ह्यूफाइंडरमधल्या दहा गजांनी व्यापलेली जागा डाव्या डोळ्याला दिसणाऱ्या सात गजांएवढी असेल तर तुमचा आकडा ०.७. गज जुळूनच आले, एकावर एक बसले, तर एकास एक. डाव्या डोळ्याने पाहणाऱ्यांची यात अडचण होते, कारण कॅमेऱ्याचं अंग उजव्या डोळ्यासमोर येतं. मोजण्यापुरता कॅमेरा उलटा धरा. खिडकी उजव्या टोकाला जाते, उजवा डोळा मोकळा होतो, आणि दृश्य सरळच दिसतं.

काही ओळखीचे आकडे सांगते. लायका एम थ्री ०.९१, लायका एम टू ०.७२. कॅनन पी एकास एक, त्याच्यानंतर आलेला कॅनन सेव्हन ०.८. निकॉन एस टू एकास एक. अलीकडच्या काळातला फोग्टलेंडर बेसा आर थ्री ए तोही एकास एक.

मोठा आकडा म्हणजे चांगला, असं पटकन वाटतं. पण दृश्य मोठं दिसलं की खिडकीत मावतं कमी. एम थ्रीच्या खिडकीत ५० मिलिमीटर लेन्सची चौकट ऐसपैस बसते, पण ३५ची चौकट त्यात नाहीच (मिलिमीटरचा आकडा लहान, तितकं लेन्सला दिसणारं दृश्य रुंद). ज्यांना ३५ हवी होती त्यांच्यासाठी तीन-चार वर्षांत एम टू आला, आकडा कमी करून. कॅनन पीमध्ये एकास एक असूनही ३५ची चौकट आहे, पण ती इतक्या कडेला आहे की चष्म्यातून पूर्ण पाहणं कठीण. म्हणून आधी स्वतःला विचारा की मी बहुतेक फोटो कोणत्या लेन्सने काढणार. ५० असेल तर मोठा आकडा, ३५ असेल तर ०.७च्या आसपासचा.

एकास एकची खरी मजा कळायला नागपुरात तान्हा पोळ्याचा दिवस यावा लागतो. मारबतीच्या मिरवणुकीत, महाल-इतवारीच्या गर्दीत, दोन्ही डोळे उघडे ठेवून उभं राहिलं की चौकट हवेत लटकल्यासारखी दिसते. डावा डोळा डावीकडून येणारा बडग्या (मिरवणुकीतला पुतळा), उडालेला गुलाल, खांद्यावर बसलेलं पोर आधीच पाहतो. चौकटीत काय शिरणार आहे ते शिरण्याआधी कळतं. ०.७च्या कॅमेऱ्यातही चौकटीबाहेरचं थोडं दिसतं, पण दोन डोळ्यांना दोन वेगळ्या आकारांचं जग दिसत राहतं, आणि अर्ध्या तासाने कपाळ दुखतं. माझं तरी दुखतं.

तिसरी पायरी: दोन खिडक्यांमधलं अंतर

टेप घ्या आणि समोरून पाहण्याच्या खिडकीच्या मध्यापासून लहान खिडकीच्या मध्यापर्यंत मोजा. याला बेस म्हणतात. जितका बेस लांब तितकं अंतर अचूक कळतं. पण नुसता बेस पुरेसा नाही, त्याला मघाच्या आकड्याने गुणावं लागतं. एम थ्रीचा बेस ६८.५ मिलिमीटर, गुणिले ०.९१, म्हणजे जवळपास ६२. एम टूचा तोच बेस, पण गुणून ४९. कॅनन सेव्हनचा ५९ गुणिले ०.८, म्हणजे ४७. कॅनन पीचा बेस ४१, आणि एकास एक असल्याने गुणूनही ४१. बेसा आर थ्री एचा ३७.

रशियन कॅमेऱ्यांत इथे मोठा फरक आहे आणि नवीन लोक तो पाहत नाहीत. फेड टूचा बेस ६७ मिलिमीटर, दिसायला तसाच असलेल्या झोर्की फोरचा ३८च. पण झोर्कीत दृश्य मोठं आणि उजळ दिसतं, फेडमध्ये लहान. कीव्ह हा कॉन्टॅक्सच्या वळणाचा, त्याचा बेस तब्बल ९० मिलिमीटर. त्यात अडचण अशी की लहान खिडकी अगदी टोकाला असते आणि उजव्या हाताचं बोट नेमकं तिच्यावर येतं. सवय होईपर्यंत ठिपका गायब का झाला म्हणून माणूस शोधत राहतो.

याचा किती विचार करायचा? ४० किंवा ४५ मिलिमीटरची कायम बसवलेली लेन्स असलेला याशिका इलेक्ट्रो किंवा कॅननेट घेत असाल तर फार नाही. बनवणाऱ्यांनी त्या लेन्सला पुरेल एवढा बेस दिलेला असतो. पण पुढे कधी ९० किंवा १३५ लावायची असेल, किंवा १.४च्या उघड्या ॲपर्चरवर (हा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं) संध्याकाळी चेहरे टिपायचे असतील, तर हा गुणाकार करूनच कॅमेरा घ्या.

चौथी पायरी: चौकट आणि तिची सरक

यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. माझ्या पाहण्यात नवीन लोकांचे सर्वांत जास्त फोटो इथेच बिघडतात, आणि दोष मात्र ते लेन्सला देतात.

पहिल्यांदा दुधी पट्टीवर बोट ठेवून पाहा. चौकट विझली पाहिजे. बोट काढलं की परत उजळली पाहिजे. झोर्की फोर आणि फेडमध्ये अशी चौकटच नसते. पूर्ण खिडकी म्हणजेच साधारण ५०चं दृश्य, आणि तिची कड डोळा कुठे ठेवता त्यावर थोडी बदलते. लायका एम थ्रीत ५०ची चौकट कायम असते, गोलसर कोपऱ्यांची, आणि ९० किंवा १३५ लावली की तिची चौकट आपोआप आत उमटते. एम सिक्समध्ये सहा चौकटी जोडीजोडीने येतात: २८ बरोबर ९०, ३५ बरोबर १३५, ५० बरोबर ७५. कॅनन पीत ३५, ५० आणि १०० या तिन्ही एकदम दिसतात, कायम. काहींना ही गर्दी वाटते. मला ती महिन्याभरात दिसेनाशी झाली, पण तुमचं तसं होईल असं नाही. म्हणून उधार घेऊन वापरता आला तर आधी तसं करा. कॅनन सेव्हनमध्ये वरच्या चकतीने हवी ती एकच चौकट निवडता येते.

आता पॅरलॅक्स. नाव मोठं आहे, गोष्ट साधी. पाहायची खिडकी लेन्सच्या चार-पाच सेंटिमीटर वर आणि बाजूला असते. तेवढाच फरक समोरच्या दृश्यातही पडतो, वस्तू जवळ असो की दूर. दीक्षाभूमीचा स्तूप लांबून टिपताना पाच सेंटिमीटरने काही बिघडत नाही. पण समोर आजी बसली असेल, एका मीटरवर, तर पाच सेंटिमीटर म्हणजे तिचं अख्खं कपाळ. खिडकीत पूर्ण दिसलेला चेहरा फिल्मवर कुंकवाच्या वरून कापला जातो.

चांगल्या कॅमेऱ्यांत यावर उपाय असतो. जवळ फोकस करत गेलं की चौकट तिरपी, खाली आणि लेन्सच्या दिशेने सरकते. हे तपासायला डोळा लावा, ग्रिलच्या एका गजावर चौकटीचा कोपरा ठेवा आणि कॅमेरा न हलवता रिंग दूरपासून जवळपर्यंत फिरवा. लायका एम, कॅनन पी, याशिका इलेक्ट्रो ३५, कॅननेट क्यूएल १७ जी थ्री या सगळ्यांत चौकट सरकताना दिसली पाहिजे. अडखळत सरकली किंवा जागची हललीच नाही, तर आत काहीतरी अडकलंय. ज्यांत चौकटच नाही त्यांत सरकायचा प्रश्न नाही. तिथे दीड मीटरच्या आत चौकट धरल्यावर कॅमेरा थोडा वर उचलायची सवय हातालाच लावावी लागते.

ही सरक सगळं दुरुस्त करत नाही, हेही माहीत असावं. चौकट जागेवर येते, पण खिडकीची नजर तिच्या जागेवरूनच असते. ताटलीतल्या संत्र्यामागे नेमका खिडकीचा गज येईल असं तुम्ही जुळवलं, तर फिल्मवर तो गज संत्र्याच्या शेजारी सरकलेला असेल. जवळच्या वस्तू आणि मागचं दृश्य असं बारीक जुळवायचं काम या कॅमेऱ्यांचं नाही.

आणखी एक गोष्ट फिल्म धुऊन आल्यावर कळते. लांबच्या फोटोत चौकटीबाहेरचंही बरंच आलेलं असतं. कारण जवळ फोकस करताना लेन्स पुढे येते आणि तिला दिसणारा भाग किंचित आकसतो. बनवणाऱ्यांनी चौकट त्या आकसलेल्या भागाच्या मापाने काढलेली असते, म्हणजे कशाचंही डोकं कापलं जाणार नाही. म्हणून लांबचं टिपताना कडेला दिसणारी विजेची तार चौकटीच्या जरा बाहेर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. ती येणार.

पाचवी पायरी: ठिपका, दोन वेळांना

विकणारा माणूस कॅमेरा ट्यूबलाइटखाली दाखवतो आणि तिथे सगळेच ठिपके ठीक दिसतात. तुम्ही दोन वेळा निवडा: भर दुपार आणि दिवेलागण.

दुपारी सीताबर्डीला झिरो माइलच्या दगडी खांबाकडे पाहा. उन्हात तो वाळूचा दगड इतका उजळतो की कमजोर ठिपका त्याच्यात विरघळून जातो. ठिपका दिसतोय पण त्यातली दुसरी प्रतिमा दिसत नाही, असं झालं तर अर्धपारदर्शक काचेवरचा मुलामा उडत आलाय. संध्याकाळी फुटाळ्याला जा. काठावरचे दिवे लागले की दिव्याकडे पाहत रिंग फिरवा. दोन दिवे एक होताना स्पष्ट कळलं पाहिजे.

फुटाळ्यावर आणखी एक धडा मिळतो. पाण्याची पलीकडची रेघ आडवी असते, आणि तिच्यावर फोकस होतच नाही. दुसरी प्रतिमा डावी-उजवीकडे सरकते, म्हणून तिला उभी रेघ लागते: खांब, दाराची चौकट, माणसाच्या कानाची कड. समोर फक्त आडव्या रेघा असतील, पायऱ्या किंवा तारा, तर कॅमेरा उभा धरून फोकस करा आणि मग आडवा करा.

ठिपक्याची कडही पाहा. लायका एममध्ये तो धारदार कडांचा आयत असतो, त्यामुळे उभी रेघ ठिपक्याच्या कडेवर तुटलेली आहे की अखंड, यावरूनही फोकस कळतो. झोर्की, कीव्हमध्ये कड विरलेली असते, तिथे फक्त एकावर एक बसवायचं.

ठिपका फिकट आहे पण बाकी कॅमेरा आवडलाय, असं असेल तर एक साधा उपाय आहे. पुढच्या मोठ्या खिडकीच्या बाहेरच्या काचेवर, बरोबर मध्यावर, काळ्या टेपचा तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा तुकडा चिकटवा. समोरून येणारी प्रतिमा तेवढ्या भागात दबते आणि दुसरी उठून दिसते. निळ्या जिलेटिन कागदाचा तुकडाही चालतो. जागा जमेपर्यंत दोन-चार वेळा काढून लावावं लागेल.

सहावी पायरी: गच्चीवर जाऊन जुळणी तपासा

ठिपका स्पष्ट आहे, पण तो खरं बोलतो का? लेन्स अगदी लांबच्या खुणेवर नेऊन ठेवा आणि खूप दूरची उभी वस्तू पाहा. आमच्या मानकापूरच्या गच्चीवरून स्वच्छ सकाळी कोराडीच्या वीज केंद्राची धुराडी दिसतात, आणि या कामाला त्यांच्यासारखी वस्तू नाही: उंच, सरळ, मागे मोकळं आभाळ. दोन प्रतिमा मिळून एकच धुराडं दिसलं पाहिजे. शहराच्या दुसऱ्या बाजूला राहत असाल तर सेमिनरी हिल्सवरचा टॉवर पाहा. काहीच दिसत नसेल तर चंद्र आहेच. फोकस लांबच्या टोकाला असताना दोन चंद्र दिसले तर जुळणी बिघडली आहे.

दोन प्रतिमा शेजारी राहतात की वर-खाली, हे नीट पाहून लिहा. शेजारी राहिल्या तर अंतराचं माप चुकतंय आणि फोटोंचा फोकस चुकेल. वर-खाली राहिल्या तर माप बरोबर असू शकतं, पण डोळा थकतो. दोन्ही दुरुस्त होतात. मेकॅनिकला नेमकं काय बिघडलंय ते सांगता आलं की त्याचा वेळ वाचतो आणि तुमचे पैसेही.

मग जवळची तपासणी. जमिनीवर टेपने बरोबर एक मीटर मोजा. लेन्सपासून नाही, फिल्मच्या पातळीपासून, म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीजवळून. त्या अंतरावर उभी पेन्सिल ठेवा, फोकस करा, आणि लेन्सवरचा आकडा वाचा. एकच्या जवळ नसेल तर लांबचं बरोबर असूनही जवळचं चुकतंय.

आतली काच पुसू नका

हे वेगळं सांगते, कारण माझ्याकडून झालेलं आहे. काकाजींचा कॅमेरा पहिल्यांदा उघडला तेव्हा आत पांढरं धुकं होतं. कानाच्या काडीला थोडं स्पिरिट लावून मी पुढची काच पुसली, ती लख्ख झाली. मग त्याच काडीने आतली तिरपी काचही पुसली. काडीच्या कापसावर राखाडी चकाकी आली आणि मला वाटलं मळ निघाला. तो चांदीचा मुलामा होता. कॅमेरा बंद करून डोळा लावला तर दृश्य पूर्वी कधी नव्हतं एवढं स्वच्छ, आणि ठिपका नाही. काकाजींनी त्या कॅमेऱ्यावर माझ्या आईबाबांचं लग्न टिपलं होतं. ते फक्त म्हणाले, "काहून एवढी घाई केली, बाई." दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्याची काच मिळवून तो परत चालू करायला दीड वर्ष गेलं.

तेव्हा पुढची आणि मागची, बाहेरून हात पोचतो ती काच मऊ कापडाने पुसा. आतल्या तिरप्या काचेला कापूस, स्पिरिट, बोट, काहीही लावू नका. हवेचा रबरी फुगा मारून धूळ उडाली तर ठीक, नाहीतर जाणत्याकडे द्या.

नागपूरचं हवामान

मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांवर जातो. गाडीच्या डिकीत ठेवलेल्या कॅमेऱ्यातलं ग्रीस पातळ होऊन सरकतं, ॲपर्चरच्या पात्यांवर येतं, व्ह्यूफाइंडरच्या काचांवर त्याची वाफ बसते. ते सगळ्यांना पटतं. कुलरचं मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. आपल्याला वाटतं उन्हाळा कोरडा, बुरशीची भीती पावसाळ्यात. पण ज्या खोलीत कुलर दिवसभर खसमधून ओली हवा टाकतो, त्या खोलीत मार्च ते जून पावसाळाच असतो. कॅमेरा कुलरच्या खोलीतल्या कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून दुसऱ्या खोलीत ठेवा, पुड्यांचा रंग बदलला की वाळवा. चामड्याच्या मूळ केसमध्ये तर मुळीच नको, चामडं ओल धरतं. आठवड्यातून एकदा बाहेर काढून डोळ्याला लावला, रिंग फिरवली, की तेवढ्याने बरंच टिकतं.

दोन कॅमेरे समोरासमोर

आता वहीत प्रत्येक कॅमेऱ्याचं पान झालेलं असेल: चष्म्यातून किती कोपरे दिसतात, मोजलेला आकडा, बेस, चौकट सरकते का, ठिपका दुपारी कसा, संध्याकाळी कसा, धुराडं एक की दोन. दोन कॅमेरे एकाच गच्चीवर, एकाच वेळी, आळीपाळीने पाहा. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा पाहिला तर तुलना उजेडाची होते, कॅमेऱ्याची नाही.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा घेणाऱ्याने याशिका इलेक्ट्रो ३५ किंवा कॅननेट क्यूएल १७ जी थ्री यांतला ज्याचा ठिपका ठळक असेल तो घ्यावा. दोन्हींच्या लेन्स १.७च्या, दोन्ही ०.८ मीटरपर्यंत जवळ जातात, दोन्हींत चौकट सरकते. इलेक्ट्रोमध्ये शटर कॅमेराच ठरवतो आणि उजेड जास्त झाला तर लाल, शटर हळू पडणार असेल तर पिवळा बाण व्ह्यूफाइंडरमध्येच दाखवतो. त्याचा मूळ ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता मिळत नाही, अडॅप्टर घालून सहा व्होल्टचा चालतो. लेन्स बदलायची हौस असेल आणि चष्मा नसेल तर कॅनन पी. चष्मा असेल आणि ५० आवडत असेल तर एम थ्रीच्या खिडकीसारखी दुसरी नाही, पण त्याची किंमत पाहता उधार मिळाला तर वापरून पाहा एवढंच म्हणेन. झोर्की किंवा फेड स्वस्तात आणि जुळणी बरोबर असलेला मिळाला तर जरूर घ्या. सोनेरी, जर्मन फौजेच्या खुणा कोरलेली "लायका" दिसली तर हात लावू नका, त्या बहुतेक रंगवलेल्या झोर्की-फेडच असतात.

पहिला रोल चौकटीवरच घालवा

३६चा रोल महाग आहे, मान्य. तरी पहिल्या रोलचे बारा फोटो यासाठी ठेवा. दाराच्या चौकटीसमोर उभे राहा, व्ह्यूफाइंडरची चौकट दाराच्या चौकटीवर काटेकोर बसवा, ॲपर्चर पूर्ण उघडा. एक फोटो एका मीटरवर, एक दोनवर, एक चारवर. जवळून दार मावणार नाही, तिथे भिंतीवर टेपने आयत आखा. मग एका मीटरवर वर्तमानपत्र तिरपं ठेवून मधल्या एका मथळ्यावर फोकस करा. तीन फोटो. उरलेले सहा माणसांचे घ्या, तीन उन्हात, तीन तिन्हीसांजेला, प्रत्येकाच्या डोळ्याच्या कडेवर फोकस करून. प्रत्येक फोटोचा क्रमांक आणि चौकटीच्या चार कडांवर नेमकं काय होतं ते लगेच लिहा, घरी गेल्यावर आठवत नाही.

रोल धुऊन आला की प्रिंट मागू नका, प्रिंट काढताना कडा कापल्या जातात. निगेटिव्ह खिडकीच्या काचेला धरा, भिंग लावा, आणि वही शेजारी उघडी ठेवून एकेक कड वाचा. माझ्या इलेक्ट्रोच्या पहिल्या रोलवर सातव्या फोटोत दाराच्या वर दोन बोटं भिंत जास्त आलेली आहे. तेव्हापासून लांबच्या फोटोत मी चौकटीची वरची कड दोन बोटं खाली धरते.